मोक्ष मिळावा म्हणून देवावर विश्वास ठेवण्यात अर्थ आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'देव असला तर मोक्ष मिळेल, नसला तर आपलं जातंय काय?' त्या 'जातंय काय'साठी लिहायला बसले आहे. एरवी असले प्रश्न दिसले की मी पुढे सरकते.

जातं. माझ्या आईची शेवटच्या दहा रात्रींची झोप गेली. माझं आणि दादाचं बोलणं गेलं, ते अजून धड परत आलेलं नाही.

आईचा रामनाम लिहायचा नेम होता. १९९६ साली बाबा गेले, तेव्हापासूनचा. २०० पानी वही, पानावर पट्टीने आखलेले १०८ चौकोन आणि प्रत्येक चौकोनात 'श्रीराम'. दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की उंबऱ्याजवळ पाट टाकून बसायची, मांडीवर वही. एका वहीत २१,६०० नावं होतात. माणूस दिवसभरात तेवढेच श्वास घेतो असं जुनी माणसं सांगतात, त्यामुळे वही संपली की म्हणायची, 'चला, एक दिवस सत्कारणी लागला.' तो एक दिवस भरायला तिला आठ-नऊ महिने लागायचे, ही गोष्ट वेगळी.

आम्ही सांगलीचे. २०१९ च्या महापुरात आमच्या घराच्या निम्म्या जिन्यापर्यंत पाणी होतं आणि बावीस वह्या खालच्या खोलीत ट्रंकेत. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत नुसता लगदा, शाई सगळी निघून गेलेली. मी रडायच्या बेतात. आईने त्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, 'कृष्णामाईने आपणहून नेल्या. नाहीतरी मी नदीतच सोडणार होते. रिक्षाचे पैसे वाचले.'

दादा पुण्यात असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, 'मग त्या मोजायच्या की नाही?'

तुमचा प्रश्न वाचून मला हे वाक्य आठवलं.

२०२२ मध्ये आईला अर्धांगाचा झटका आला, पाठोपाठ दुसरा. घरी न्या म्हणाले, घरी आणलं. बोलणं अडखळत होतं, माणसं ओळखू यायची, कधी नाही यायची. दादा आला तो नामजपाची पेटी घेऊनच. साबणाच्या वडीएवढी असते, प्लगात खोचायची, निळा दिवा लागतो आणि एकच धून चोवीस तास. त्याचं म्हणणं, गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितलंय की अंतकाळी जो माझं स्मरण करत देह ठेवतो तो मला येऊन मिळतो. आता अंतकाळ कोणत्या मिनिटाला येणार ते कुणाला माहीत? म्हणून पेटी अखंड चालू हवी. तर्क बिनचूक आहे, मला खोडता आला नाही. मोक्षासाठीच देव धरायचा म्हटलं की तुम्हीसुद्धा एक दिवस याच प्लगापाशी येऊन पोचणार.

ती धून बत्तीस सेकंदांची होती, मी मोजली आहे. शेवटी जरा खर्र व्हायचं आणि परत पहिल्यापासून. आईचा चालता हात डावा. तो ती उचलायची आणि भिंतीकडे झटकायची. दादा म्हणायचा, ताल धरतेय.

अकराव्या रात्री दादा ऑफिसच्या कामासाठी पुण्याला गेला होता. दीडच्या सुमारास मी प्लग काढला. आई दोन-तीन मिनिटं छताकडे बघत राहिली आणि मग घोरायला लागली, किती दिवसांनी! चारच्या पुढे जागी झाली. 'दूध तापवलंस का' एवढं स्पष्ट विचारलं. मी हो म्हटलं. मग दादाला दोनदा हाक मारली. पावणेसहाला गेली.

सव्वीस वर्षं रामाचं नाव लिहिणाऱ्या बाईच्या तोंडी शेवटी दूध. त्यात पेटी बंद. दादा पोचला, चप्पल काढायच्या आधी त्याची नजर प्लगाकडे गेली. 'नेमकी आजच बंद केलीस?' एवढंच बोलला. पुढचे तेरा दिवस त्याने ते दुसऱ्या कुठल्या शब्दांत बोलायची गरजच ठेवली नाही. गरुडपुराण लावलं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला, तर ते श्रेय पुराणाला. (आमच्या घाटावरचे कावळे सराईत आहेत, भात दिसला की येतात. पण ते तेव्हा बोलायची सोय नव्हती.)

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, नाहीतर म्हणाल ही बाई घरचंच सांगत बसली.

तुमचा हिशोब नवा नाही. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने तो मांडून ठेवला आहे: पैज लावा, जिंकलात तर सगळं मिळेल, हरलात तर फारसं जात नाही. त्याच शतकात आमचे तुकोबा देहूत बसून बरोबर उलटं मागत होते. 'हेचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा' तुम्ही कीर्तनाच्या शेवटी शंभरदा ऐकलं असेल. पुढचं ऐका. 'न लगे मुक्ती'. मुक्ती नको. वर 'गर्भवासी सुखे घालावे आम्हांसी', म्हणजे खुशाल पुन्हा जन्माला घाल. टाळ कुटताना हे म्हणायचं आणि घरी येऊन मोक्षाची मोजदाद करायची, हे मला झेपत नाही.

दादाचं यावर ठरलेलं उत्तर हरिपाठाचं. 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणे मुक्ती चारी साधियेल्या'. ज्ञानोबांनीच मुक्ती देऊ केली आहे, तू कोण नको म्हणणार? ठीक. पण त्यात 'क्षणभरी' आहे ना? दारात क्षणभर उभं राहून चारही मुक्ती साधत असतील, तर आई सव्वीस वर्षं दारातच बसली होती. मग बत्तीस सेकंदांची खरखर कशाला?

आणि भागवतातला अजामिळ. आयुष्यभर नको ते धंदे केले, मरताना यमदूत दिसले म्हणून घाबरून धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचं नाव नारायण. तेवढ्यावर विष्णुदूत धावत आले. आमच्या दादाचं नाव विष्णुसहस्रनामात आहे. इथे लिहीत नाही, गावभर होईल. आई त्याला जन्मभर 'बाळ' म्हणायची. त्या पहाटे तिने पाळण्यातलं पूर्ण नाव घेतलं, दोनदा. म्हणजे त्याच्याच पोथीप्रमाणे काम झालं. पेटीवाचून झालं. हे मी त्याला तेराव्याला सांगितलं तेव्हा तो उठून गॅलरीत गेला. मला वाटलं चिडला. नंतर वहिनी म्हणाली, रडत होता.

मोक्ष आणि देव ही जोडी मुळात पक्की आहे असंही समजू नका. आमच्या शेजारच्या जैन काकूंच्या धर्मात जग घडवणारा देव नाही, मोक्ष मात्र आहे, आणि तो ज्याचा त्याने कमवायचा. म्हणजे मोक्षच हवा असेल तर देव मानण्याची अट सगळीकडे नाही, आणि देवच हवा असेल तर तुकोबांसारखं मोक्ष सोडूनही जमतं. दोन्ही एकत्र बांधले की मला त्यात भाव दिसत नाही, पावती दिसते. मुद्दाम ठरवून कुणावर विश्वास बसतो का हेही बघा. मला तर नवऱ्यावर बसायला सात वर्षं लागली.

थोडं माझ्या विरुद्धही लिहायला हवं. आई काही मोक्ष नको म्हणणाऱ्यांतली नव्हती. 'पुन्हा जन्म नको गं, भांडी घासून हात झिजले' हे तिच्याकडून मी कैक वेळा ऐकलंय. भीतीने, गरजेने, काही मागायला देवाकडे जाणारेही भक्तच, हे गीतेतच आहे; आर्त आणि अर्थार्थी दोघांनाही तिथे जागा आहे. तेव्हा सुरुवात हिशोबाने केलीत तर मी कोण नाकं मुरडणार? आईचीही तशीच झाली असेल, फक्त पुरात हिशोब वाहून गेला तेव्हा ती हसू शकली. आणि त्या रात्री प्लग काढला तो केवळ आईसाठी, असं मी इतकी वर्षं सांगत आले. मलाही झोप हवी होती. दहा रात्री मीही ऐकत होते.

वह्या एकूण सदतीस झाल्या, वाहून गेलेल्या धरून. ७,९९,२००. आठ लाखाला ८०० कमी. सुतकात दादाने अडतिसावी वही आखली आणि साडेसात पानं स्वतः भरली. मी चहा द्यायला गेले तेव्हा उंबऱ्यापाशी पाट टाकून बसला होता, मांडीवर वही. त्याचं अक्षर आईच्या अक्षरासारखं आहे हे मला साठीला आल्यावर कळलं. हे ८०० मोजायचे की नाही, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं कधीकधी वाटतं.

परवा त्याचा फोन आला. सासूबाईंचं जास्त झालंय, पेटी तुझ्याकडेच आहे ना, पाठवून दे. पाठवतेय. तिला बटण नाही, सरळ प्लग उपटावा लागतो, हे वहिनीला वेगळा फोन करून सांगितलं आहे.