लेकीला एचआयव्हीवर संशोधन करायचंय

ताई,

तुमची लेक बार्शीत बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एचआयव्ही मुळासकट बरा करण्याच्या संशोधनात जायचं म्हणते. तुम्ही विचारता, हे काम अमेरिकेतच चालतं ना? आणि स्थळं आली की काय सांगायचं?

स्थळाचं आधी. ‘व्हायरॉलॉजी करते’ म्हणा. करोनापासून हा शब्द सगळ्यांना कळतो. प्रयोगशाळेत भीती असते ती सुई टोचण्याची. तसं झालंच तर 72 तासांच्या आत औषध सुरू करून 28 दिवस घेतात.

आता अमेरिका. बरीच वर्षं हे संशोधन तिथल्या आणि युरोपातल्या रुग्णांवर, त्यातही मुख्यतः पुरुषांवर झालं. त्यांच्यात विषाणूचा ‘बी’ उपप्रकार जास्त. भारतात आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात मुख्यतः ‘सी’ आढळतो, आणि जगातल्या जवळपास निम्म्या लागणी त्याच्याच. एकावर चालणारी प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं, अँटिबॉडीज) दुसऱ्यावर चालतीलच असं नाही.

म्हणून लेकीला दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनजवळच्या उमलाझीबद्दल वाचायला सांगा. तिथे 2012 पासून ‘फ्रेश’ नावाचा प्रकल्प आहे. तरुण मुली आठवड्यातून दोनदा येतात, बोटातून रक्त देतात आणि तिथेच संगणक, नोकरीची तयारी असं काही शिकतात. लागण झालीच तर ती अगदी सुरुवातीला सापडते आणि लगेच उपचार सुरू होतात. अशाच 20 जणींवर पुढे प्रतिपिंडं आणि वेसाटोलिमोड या, रोगप्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या औषधाची चाचणी झाली. एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळ्या देखरेखीखाली थांबवल्यावर 6 जणी चाचणी संपेपर्यंत गोळ्यांविना राहिल्या. निकाल 2025 मध्ये मांडले गेले. याला ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, पण हे काम आफ्रिकेत झालं, हे मला मोठं वाटतं.

वाट पुण्यातूनच जाते. राष्ट्रीय विषाणू संस्थेत विद्यापीठाची एमएस्सी व्हायरॉलॉजी आहे, एड्स संशोधनाची सरकारी संस्था भोसरीला. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 रुपये. पीएचडीला पाचेक वर्षं धरा. नंतरच्या जागा बहुतेक प्रकल्पापुरत्या, कंत्राटी. पगाराची घाई असेल तर हे क्षेत्र नको.

तिला एक काम देते. ‘चाचणीसाठी तुमच्या गोळ्या काही काळ थांबवू’ हे सातवी शिकलेल्या बाईला कळेल, आणि ‘नको’ म्हणायलाही तिला संकोच वाटणार नाही, असं एक पानभर मराठीत लिहायला सांगा. मला पाठवा, मग बोलू.