जाहिरातीत आणि लष्करी मानसिक युद्धात ‘लक्ष्यगट’ कसा ठरवतात?

वय-उत्पन्नाचे तक्ते नंतर. लक्ष्यगट म्हणजे ज्यांना पटवायचं ते लोक. ते ठरवताना आधी बघायचं, आपल्याला जे घडायला हवं ते कोणाच्या हातात आहे. आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात बियाण्यांच्या जाहिरातींनी भिंती रंगतात, पण जाणती कंपनी सगळ्या गावामागे लागत नाही. ज्याची पऱ्हाटी (कपाशी) पाहायला बाकीचे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबतात तो शेतकरी, आणि उधारीवर बी देणारा कृषी केंद्रवाला. हे दोघं आधी.

लष्करातही तेच. १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी जर्मन सैनिकांवर शरणागतीचे परवाने टाकले, म्हणजे हा कागद दाखवून शरण येणाऱ्याला नीट वागवा असं सांगणारी पत्रकं. हिटलरला पटवायचं नव्हतंच. हात वर करणं खंदकातल्या थकलेल्या शिपायाच्या हातात होतं. त्याला सरकारी कागदाचा धाक आणि भरवसा दोन्ही, म्हणून परवान्यावर राजमुद्रा छापल्या आणि खाली दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांची सही.