पिरॅमिड मागे, मायक्रोबस पुढे

प्रश्न: ताई, नमस्कार. कामासाठी सहा महिने कैरोत आहे. राहायला गिझात, हरम स्ट्रीटजवळ, आणि ऑफिस पार न्यू कैरोला, त्यामुळे रोज ऑफिसच्या बसने रिंगरोडवरून ये-जा. खिडकीतून कायकाय दिसतं, पण माझे फोटो एकतर हललेले नाहीतर काचेत माझंच तोंड! त्यात एकाने घाबरवलंय की रस्त्यावर कॅमेरा काढलास तर पोलीस धरतील. काय करू?

उत्तर: आधी पोलिसांचं उरकते. 2022 मध्ये तिथल्या सरकारने सार्वजनिक जागी स्वतःपुरते फोटो काढायला परवान्याची गरज नाही असं जाहीर केलं, टुरिस्टांना आणि तिथे राहणाऱ्यांनाही. पण माणसाचा फोटो काढायचा तर त्याची लेखी परवानगी हवी, लहान मुलांचे काढायचेच नाहीत, आणि देशाची बदनामी होईल असलं काही नको, आता बदनामी कशाला म्हणायचं ते समोरचा साहेब ठरवणार! चेकपोस्ट, पोलीस, लष्कराची जागा दिसली की कॅमेरा बॅगेत. ड्रोन तर विसराच.

आता खिडकी. सकाळी तुम्ही पूर्वेला जाता आणि संध्याकाळी पश्चिमेला, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य समोरच. पण थंडीच्या दिवसांत संध्याकाळी तो जरा डावीकडे, दक्षिणेला कललेला असतो, म्हणून परतताना उजव्या बाजूला बसा, ऊन त्या बाजूच्या घरांवर पडतं आणि रस्त्याची कडही जवळ मिळते. लेन्स काचेजवळ न्या, टेकवू नका (बस थरथरते ना), मागे काळं जॅकेट धरा, शटर 1/1000 च्या आसपास. त्या लाल विटांच्या, प्लास्टर नसलेल्या बिल्डिंगा, वर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया, एखाद्या गच्चीवर कबुतरांचा उंच लाकडी खोपा, एवढं खिडकीतून छान येतं.

पण माणसं नाही येणार हो. त्यासाठी उतरावंच लागेल, आणि माझं ऐकाल तर मुनीबला उतरा. मेट्रोच्या दोन नंबर लाइनचं शेवटचं स्टेशन तिथेच आहे, रिंगरोडही तिथूनच नाईल ओलांडतो, आणि खाली मायक्रोबसचा नुसता गोंधळ. दाराशी लटकलेला पोऱ्या ओरडत असतो, रस्त्याकडेची माणसं हाताच्या खुणेनेच कुठे जायचंय ते सांगतात, प्रत्येक रूटची खूण वेगळी. आत बसलात तर बघा, मागच्या सीटवरून भाड्याची नोट हातोहात पुढे ड्रायव्हरकडे जाते आणि सुट्टे तसेच परत येतात, कोणी एक पैसा मारत नाही. मला विचाराल तर ती हातावरून हातावर जाणारी नोट हाच कैरोचा फोटो, पिरॅमिड कोणीही काढतं. गल्ल्यांतून टुकटुक दिसतील, बहुतेक आपल्या बजाजच्याच.

एकच कोपरा पकडा आणि तिथेच जात राहा, दोन-तीन दिवसांत फूलवाला (फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याची, फावा बीन्सची उसळ, गाडीवर घड्यातून वाढतात) स्वतःहून हाक मारेल. विचारायला 'मुमकिन सूरा?' पुरे, सूरा म्हणजे फोटो आणि मुमकिन तर आपल्याला कळतंच. तोंडी हो म्हणाला तरी कागद तो कागद, चेहरा येणार असेल तर अरबीत दोन ओळी लिहून घेऊन सही घ्या, नाहीतर सरळ हात, पाठ, सावली काढा. बक्षीस मागितलं तर मोठी नोट काढू नका, चहा सांगा.

मी गेले होते तेव्हा एक पाववाला सायकलवर, डोक्यावर ताज्या ऐश बलदीने (तिथला गोल चपटा पाव) भरलेली भलीमोठी फळी एका हाताने धरलेली आणि दुसऱ्या हाताने हँडल, अशा ट्रॅफिकमधून निघालेला. मी सूरा-सूरा करेपर्यंत तो थांबला, हँडल सोडलं, खिशातून मोबाइल काढला आणि आधी त्यानेच माझा फोटो काढला. फळी जराही हलली नाही.