वाचकांचे प्रश्न : झाडांना लागलेल्या जादा मिरच्यांचे काय करावे?

प्रश्न : आमच्या कुंड्यांमध्ये यंदा तिखट हिरव्या मिरच्या, पातळ सालीच्या लांब तांबड्या मिरच्या आणि ढोबळी मिरची अशा तिन्ही एकदमच आल्या आहेत. शेजाऱ्यांना देऊनही दर आठवड्याला टोपलीभर उरतात. त्या वाया न घालवता पुढे वर्षभर कशा वापरता येतील?

उत्तर : तिन्ही प्रकारांना एकच उपाय लावू नये, एवढे आधी सांगावेसे वाटते. मिरचीचा गर किती जाड आहे आणि तिचा आपल्या स्वयंपाकात नेमका कसा उपयोग होतो, यावर टिकवण्याची पद्धत ठरवावी; ज्या घरात महिन्याकाठी चमचाभरच तिखट लागते, तिथे किलोभर मिरच्या वाळवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

जाड गराच्या ढोबळ्या मिरच्यांसाठी फ्रीझर हा सर्वांत सोपा मार्ग आहे. बहुतेक भाज्या गोठवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात, कारण त्यांतील विकरे (एन्झाइम) थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि चव व रंग बिघडवतात. मिरचीच्या बाबतीत मात्र ही पायरी वगळली तरी चालते. मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात, बिया काढून पट्ट्या चिराव्यात, त्या ताटात एकमेकींना न चिकटता पसरून आधी घट्ट गोठवाव्यात आणि मगच पिशवीत भरून, पिशवीतील हवा काढून, उणे 18 अंश सेल्सिअसला ठेवाव्यात. असे केल्याने हव्या तेवढ्याच पट्ट्या सुट्या काढता येतात. गोठताना पेशींतील पाण्याचे स्फटिक होऊन पेशीभित्ती फाटतात, त्यामुळे या पट्ट्या नंतर कधीही करकरीत राहत नाहीत. कोशिंबिरीचा विचार सोडून द्यावा आणि शिजवायच्या पदार्थात त्या बर्फ न वितळवता सरळ कढईत टाकाव्यात. लहान तिखट मिरच्या देठ काढून अख्ख्याच गोठवल्या तरी चालतात, आणि गोठलेली मिरची किसणीवर फार सुरेख किसली जाते.

पातळ सालीच्या तांबड्या मिरच्या वाळवण्यासाठीच जन्मलेल्या असतात. हवा कोरडी आणि ऊन कडक असेल तर उन्हात, नाहीतर डिहायड्रेटरमध्ये किंवा ओव्हनचे दार किंचित उघडे ठेवून 50 ते 60 अंश सेल्सिअस तापमानाला त्या वाळवाव्यात. वाकवल्यावर मिरची लवली तर ती अजून ओली आहे, असे समजावे. कडकन मोडली की झाली. वाळलेल्या मिरच्या एकदम कायमच्या बंद न करता आठवडाभर काचेच्या बरणीत सैलसर भरून रोज हलवाव्यात आणि काचेला आतून दमटपणा दिसला तर पुन्हा वाळवाव्यात. या टप्प्यावर केलेली घाई पुढे बुरशीच्या रूपाने दिसते, आणि वाळलेल्या मिरचीवरील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात, जे भाजल्याने किंवा तळल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून आतून काळपट किंवा करडी निघालेली मिरची निवडून वापरत बसण्यापेक्षा टाकून द्यावी. पूड मात्र लागेल तशीच करावी, कारण पुडीचा रंग आणि वास अख्ख्या मिरचीपेक्षा लवकर उडतो.

उरलेल्या तिखट हिरव्या मिरच्यांना आंबवणे उत्तम मानवते. एक किलो मिरच्या जाडसर वाटून त्यात 30 ग्रॅम मीठ वजन करून मिसळावे, काचेच्या बरणीत दाबून भरावे आणि वाटण सुटलेल्या रसाखाली बुडालेले राहील, असे वजन वर ठेवावे. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू दोन-तीन दिवसांत कामाला लागतात, बुडबुडे येतात, वायू निघून जाण्यासाठी झाकण सैल ठेवावे लागते आणि दोन-तीन आठवड्यांत छान आंबूस चव उतरते. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट) 4 च्या खाली गेल्याची खात्री सामूपट्टीने करून घ्यावी आणि मग बरणी फ्रिजमध्ये हलवावी. वर पांढरा, पातळ, सपाट थर आला तर तो बहुधा यीस्टचा असतो आणि काढून टाकता येतो. केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली तर सगळी बरणी रिकामी करावी.

ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी 5 टक्के आम्लता असलेले व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, मीठ घालून उकळावे, मिरच्यांवर ओतावे आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. अख्ख्या मिरच्यांना चीर द्यायला विसरू नये, नाहीतर आम्ल आत पोहोचत नाही.

प्रश्न : मी ताज्या मिरच्यांचे तुकडे तेलात पूर्ण बुडवून बरणी ओट्यावर ठेवली आहे. दोन आठवड्यांनी तेल थोडे गढूळ दिसते, पण वास चांगला आहे. हे वापरावे का?

उत्तर : नाही. चाखूनही पाहू नये. तेल टिकवते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे, पण प्रत्यक्षात तेल फक्त हवा अडवते, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला नेमकी हवा नसलेलीच जागा लागते. त्याचे बीजाणू मातीत असतात, साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि सामू 4.6 च्या वर असलेल्या ओलसर पदार्थात घरातील तापमानाला वाढून मज्जासंस्थेवर आघात करणारे विष तयार करतात. ताज्या मिरचीचा सामू साधारणपणे या मर्यादेच्या वरच असतो. या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. 1977 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात घरगुती पद्धतीने बंद बरण्यांत भरलेल्या हालापेन्यो मिरच्यांमुळे 59 जणांना ही विषबाधा झाली होती, आणि 1985 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणाने असाच प्रसंग ओढवला होता. लोणचे टिकते ते भरपूर मीठ आणि आंबटपणा यांच्या बळावर. तेल तिथे दुय्यम असते. तेलातील मिरची हवीच असेल तर थोडी करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि चार दिवसांत संपवावी, किंवा गोठवावी. आपण हे तेल आधीच खाल्ले असेल आणि दृष्टी धूसर होणे, पापण्या जड होणे किंवा गिळायला त्रास होणे, यांपैकी काहीही जाणवले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : बऱ्याच तिखट मिरच्या एकदम भाजून चटणी केली, ती फारच जहाल झाली. पाणी घालून उकळली तरी तिखटपणा जात नाही, आणि हातांची आगही थांबत नाही. काय करावे?

उत्तर : तिखटपणा ज्याने येतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि नेहमीच्या शिजवण्याने नाहीसेही होत नाही, त्यामुळे उकळून चटणी फक्त पातळ झाली असणार. कॅप्सेसिन बियांमध्ये नसून बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात, त्यांत एकवटलेले असते; पुढच्या वेळी त्या शिरा खरवडून काढाव्यात. आताच्या चटणीला ढोबळ्या मिरच्यांचा आधार द्यावा, कारण त्यांत कॅप्सेसिन नसते. त्या साल काळी पडेपर्यंत भाजाव्यात, झाकण ठेवून दहा मिनिटे वाफेत राहू द्याव्यात, साल सोलून गर वाटावा आणि चव जुळेपर्यंत चटणीत मिसळत जावा. हातांना आधी खाद्यतेल चोळून मग साबणाने धुवावे, कारण कॅप्सेसिन तेलात उतरते. तोवर डोळ्यांना हात लावू नये. मिसळलेली चटणी बर्फाच्या साच्यात गोठवून तिचे चौकोन पिशवीत भरावेत, म्हणजे एका वेळी एकच काढता येईल.