रोज रात्री आत्मपरीक्षण केलं की नुसतं अपराधी वाटतं, मग ते करायचं तरी कसं?

तुम्ही लिहिलंय की उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, प्रवचन ऐकल्यापासून रोज झोपताना दिवसभरातली पापं आठवता, आणि शेवटी अपराधीपणाशिवाय हाती काही लागत नाही, उलट झोप उडते. मी वसईची, कॅथलिक, ही प्रार्थना बरीच वर्षं करतेय म्हणून सांगते, गडबड बहुतेक सुरुवातीलाच होतेय. तुम्ही डायरेक्ट पापांपासून सुरू करताय.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी यासाठी पाच पायऱ्या सांगितल्यात, त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, ज्याला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात पहिली पायरी आहे देवाचे आभार मानणं. दुसरी, पाप ओळखायला आणि ते टाकून द्यायला देवाकडे कृपा मागणं. मग कुठे तिसऱ्या पायरीवर आपला दिवस तपासायचा, सकाळी उठल्यापासून तासातासाने, आधी विचार मग बोलणं मग वागणं. चौथी क्षमा मागणं, पाचवी उद्यासाठी ठरवणं, आणि शेवटी येशूने शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना. म्हणजे पापाचा नंबर आभार आणि कृपा या दोन्हींच्या नंतर लागतो, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो कारण आधी आभार मानले की आपण कुणासमोर बसलोय ते लक्षात राहतं. नाहीतर मग आपणच आरोपी, आपणच वकील आणि आपणच जज, आणि असा खटला रात्री दोन वाजेपर्यंत चालतो.

बायबलमध्ये बघा, 139 व्या स्तोत्राच्या शेवटी स्तोत्रकर्ता काय म्हणतो, देवा तू माझी झडती घे, माझं मन जाण, आणि मला योग्य मार्गाने ने. झडती देव घेणार आहे. प्रेषित पौलानेही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, स्वतःला तपासा असं सांगितलं, पण पुढे काय, तर मग भाकर खा आणि प्याल्यातून प्या. तपासून झाल्यावर मेजावर यायचंय, दाराबाहेर उभं राहायचं नाहीये!

आणि तुम्हाला जे होतंय ते खुद्द इग्नेशियसनाही झालं होतं हे जरूर वाचा. 1521 मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, पुढच्या वर्षी ते मान्रेसा नावाच्या गावात राहायला गेले आणि तिथे अशी अवस्था झाली की आधीच सांगितलेली जुनी पापं पुन्हा पुन्हा कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करताना, सांगायचे, नीट सांगितलं नसेल अशी शंका सुटेना, जीव द्यावा असंही मनात यायचं. त्यातून बाहेर कसे पडले, तर झालेली जुनी पापं परत उकरायची नाहीत असा स्पष्ट निर्णय घेतला. नंतर पुस्तकात त्यांनी एक उदाहरण दिलंय, रस्त्यात गवताच्या दोन काड्या क्रॉससारख्या पडल्यात, चुकून त्यावर पाय पडला आणि माणूस म्हणतो मी पाप केलं, तर हे पाप नाही, चुकीचा समज आहे. तुमच्या रात्रीच्या यादीत अशा काड्या किती आहेत ते एकदा बघाच.

बरं, एकाच सवयीशी झगडत असाल, समजा चिडणं, तर त्याच पुस्तकात वेगळा उपाय आहे. सकाळी उठताच त्या एका गोष्टीबद्दल सावध व्हायचं, दुपारी आणि रात्री जेवणानंतर किती वेळा घसरलो ते कागदावर मांडायचं, आणि आज कालपेक्षा कमी झालं का, या आठवड्यात मागच्यापेक्षा कमी झालं का एवढंच बघायचं. सगळी पापं एकदम धरायला गेलं की काहीच हाती लागत नाही हा माझाही अनुभव.

तुम्ही प्रोटेस्टंट असाल तर हे आमचं नाही असं समजू नका हं, मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी 1738 मध्ये छोट्या गटांसाठी नियम केले त्यात दर आठवड्याला भेटून एकमेकांना प्रश्न विचारायचे, मागच्या भेटीनंतर कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून कसे सुटलात. मला हे फार आवडतं कारण एकट्याने मनात घोळवलेली गोष्ट भुतासारखी वाढत जाते, विश्वासातल्या माणसापुढे बोलली की तिचं खरं माप कळतं.

तर आज रात्री दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसू नका, निम्मा वेळ आभारातच जाऊ दे, म्हणजे नुसतं 'सगळ्यासाठी थँक्यू' नाही, नेमकं कशासाठी ते बोला, कुणी लोकलमध्ये बसायला जागा दिली ते सुद्धा. झोपेच्या वेळी जमत नसेल तर संध्याकाळी घरी आल्यावर करा. आणि तीच जुनी पापं परत परत टोचत असतील तर एकाच फादरांना किंवा पाळकांना धरून मोकळेपणाने सांगा, दर वेळी नवा माणूस नको, आणि झोप बरेच दिवस उडालेली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा, त्याने विश्वास कमी होत नाही.