अल्बाराथिनला राहायला यावे का, या आपल्या प्रश्नाबद्दल

घरून करता येणारी नोकरी हाताशी असल्याने आठ वर्षांच्या मुलासह स्पेनमधील अल्बाराथिनला कायमचे राहायला यावे का, असे आपण विचारले आहे. व्हिसाची माहिती आपल्याला वकिलातीकडून मिळेलच, म्हणून ती मी येथे देत नाही.

तेरुएल प्रांतात समुद्रसपाटीपासून सुमारे ११७० मीटर उंचीवर, ग्वादालावियार नदीच्या वळणावरील कड्यावर हे गाव वसले असून वस्ती जेमतेम हजाराची आहे. अकराव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या बनू रझीन या बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतील बर्बर जमातीच्या, घराण्यावरून गावाला नाव मिळाले. जवळच्या पाइनच्या रानात तांबड्या वालुकाश्मावर प्रागैतिहासिक चित्रे आहेत, ती १९९८ पासून जागतिक वारशात गणली जातात. घरांना गिलावाही स्थानिक तांबूस जिप्समचाच असतो. तो रंग पाहून मला रत्नागिरीचा जांभा आठवला आणि मी घर घेऊन टाकले. बाकीची कारणे पत्नीला सांगण्यासाठी मी मागाहून जमवली.

१९६१ पासून हे गाव राष्ट्रीय स्मारक आहे, याचा राहणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ असा की, मुलीच्या खोलीची कुजलेली खिडकी बदलण्यासाठी लाकूड, रंग आणि माप यांची परवानगी लागते. आम्हाला ती मिळायला चौदा महिने लागले. हे नियम नसते तर ज्या गावावर मी भाळलो ते उरलेच नसते, हे मला पटते. तरीही त्या हिवाळ्यात खिडकीला प्लास्टिक ठोकताना ते पटत नव्हते.

कागदपत्रांत आपल्या नावांचा घोळ होतो, कारण येथे प्रत्येकाला दोन आडनावे असतात. येथे येण्यापूर्वी आम्ही ज्या शहरात होतो, तेथील एका कार्यालयाने मधले नाव हेच पहिले आडनाव धरले. त्यामुळे माझे वडील माझे आडनाव झाले, मी मुलीचे झालो आणि ती माझीच मुलगी असल्याचे मला सिद्ध करावे लागले. या गोंधळात तिचा प्रवेश लांबला आणि तिला एक इयत्ता खाली बसवले गेले. मी भांडलो नाही. भाषा कच्ची आहे, त्यांना अधिक कळते, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे येथे तीन इयत्तांची मुले एकाच वर्गात बसत आणि मोठी मुले धाकट्यांना शिकवत. त्या वर्गात ती खुलली, पण ते एक वर्ष तिने मला अजून माफ केलेले नाही. आपण अपोस्टिल केलेल्या, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी साक्षांकनाचा शिक्का घेतलेल्या, जन्मदाखल्याचे अधिकृत भाषांतर आधीच करून घ्या, आणि इयत्ता ठरताना गप्प बसू नका.

एकटेपणाबद्दलही आपण विचारले आहे. त्याची सवय होते.

पाहायला येणारच असाल तर ऑगस्टमध्ये नको, फेब्रुवारीत या आणि मुलाला बरोबर आणा. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. नवी खिडकी बसली तेव्हा मुलगी पुढच्या शिक्षणासाठी तेरुएलला गेली होती.