उन्हाळ्यात साधं टोमॅटो सँडविच करताना ब्रेड भिजू नये म्हणून काय करावं?

टोमॅटो लाल पण घट्ट घ्या आणि खायच्या थोडंसंच आधी चिरा. चकत्यांवर चिमूटभर मीठ भुरभुरून 10 मिनिटं चाळणीत ठेवा. मिठामुळे पाणी सुटतं. ते निथळलं की स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. हे टाळू नका, सगळी मेख इथेच आहे. ब्रेडला अगदी कडेपर्यंत लोणी लावा, म्हणजे ओल आत मुरत नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, त्यामुळे लोणी आपोआप मऊ असतं.

हिरव्या चटणीऐवजी मी आपली शेंगाचटणीच भुरभुरते. ती कोरडी असते, आणि तिच्यातला लसूण टोमॅटोच्या आंबटपणाबरोबर फार छान लागतो! वरून मीठ मात्र नको. डब्यासाठी चकत्या वेगळ्या द्या.